पेत्रामावशीचा नमस्कार

रादिओ एल सुर्को या स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांच्या रेडिओ स्टेशनला चाळीस वर्षं झाली, म्हणून मालकाच्या लेकीने, मारिसोलने, स्टेशनचा इतिहास दिवसभर वाजवायचा घाट घातला होता. टायरच्या दुकानावरची खोली, इंग्रजी स्टेशनकडून मागून घेतलेले पहाटेचे दोन तास, नवरामुलगा मांडवात ताटकळत असताना इथे अकॉर्डियन वाजवत बसलेली त्याच्या लग्नातली वाजंत्री मंडळी, सगळं जुन्या कॅसेटींवर होतं. इमेल्दा तिथे एकतीस वर्षं निवेदन करत होती. तिने कॅसेटी आधी ऐकायला मागितल्या, तर मारिसोल म्हणाली, "इमेल्दाबाई, आवाज तुमचाच. त्यात काय ऐकायचंय?"

शहाणीच होती पोरगी.

सकाळी साडेनऊला इमेल्दाचा तरुणपणीचा आवाज खोऱ्यातल्या झाडून सगळ्या मळ्यांवर ऐकू गेला: "दुआर्तेंच्या द्राक्षमळ्यावरच्या मंडळींना पेत्रामावशीचा नमस्कार. मावशी ट्रंक घेऊन निघाली आहे."

इमेल्दा ताडकन उठली. पेत्रामावशी नावाची बाई जन्मालाच आली नव्हती. राहण्याच्या परवान्याचे कागद नसलेल्यांना पकडणाऱ्या मिग्राच्या, म्हणजे इमिग्रेशन पोलिसांच्या, गाड्या दिसल्या की कुणीतरी स्टेशनला फोन करायचं आणि वाढदिवस-बारशांच्या नमस्कारांत इमेल्दा मावशीचाही नमस्कार घुसवायची. पाच मिनिटांत मळा रिकामा. अगदी यंदाच्या मार्चमध्येसुद्धा मावशी आली होती.

"बंद कर ते!"

"का? किती गोड आहे!"

इमेल्दाने स्वतःच बटण दाबलं. तोवर फोन वाजलाच. द्राक्षमळ्यावरची मुकादमीण चेलो धापा टाकत होती. "अगं, सगळे पेट्या टाकून पळाले. कुठल्या रस्त्याने येतायत?"

"कुणी येत नाहीये. जुनी कॅसेट होती."

चेलोने एक सणसणीत शिवी हासडली. "मग सांग की रेडिओवर! तुझा भाऊ शेजारच्या मक्यात शिरलाय. उन्हात मरेल तो."

मकारियो बासष्टचा, हृदयाच्या गोळ्या खाणारा. इमेल्दाला बसवेना, उभं राहवेना. रेडिओ काय मिग्रावाल्यांनाही ऐकू येतो. खरं सांगितलं की मावशी कायमची गेली. "मावशी माघारी गेली" म्हणावं, तर तसं कधी ठरलंच नव्हतं. तिला मारिसोलचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. तिने माईक ओढला.

"मी इमेल्दा बोलतेय. पेत्रामावशीचा नमस्कार ही धोक्याची खूण होती. आज ती चुकून वाजली. कुणी येत नाहीये. परत या."

मारिसोल तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

अर्ध्या तासाने चेलोचा पुन्हा फोन. "बाकीचे आले. मकारियो नाही येत. मी रेडिओ मोठा करून ऐकवला तर आतून म्हणतो, 'नियम मीच केलाय. मावशीचा नमस्कार आला की संध्याकाळपर्यंत त्या आवाजावर विश्वास नाही. मिग्रावाले तिच्या खांद्यावर हात ठेवून वदवून घेत असतील.'"

इमेल्दाने गाणं लावलं, पाण्याची बाटली उचलली आणि गाडी काढली.

मका पुरुषभर उंच होता. "दादा, मी आलेय. एकटी." तिने कडेची पानं बाजूला सारली. "अरे, नाटकं पुरे झाली! गोळी तरी घेतलीस का?"

आठदहा ओळी आत पानं हलली. मकारियोचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुझ्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही रे."

"रेडिओवर खरंच तू आपणहून बोललीस?"

"हो."

"म्हणजे मावशी कोण ते अख्ख्या खोऱ्याला कळलं. कुणी कुणी ऐकलं असेल?" तो हळू आवाजात म्हणाला. "आता छातीवर हात ठेवून सांग. तुझ्या गाडीमागून कुणीच येणार नाही?"

 तिने वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. तरीही ती बाटली घेऊन वाकली आणि त्याच्याजवळ लपायला मक्यात शिरली.