मापानं फाटलेली छत्री

“दोनदा ओढलं, उघडली नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा उघडली.” वॉरंट ऑफिसर हॅलॉकनं कागद टेबलावर ठेवला. “असं पोरानं लिहून दिलंय. आणि कार्डावर घडी घालणाऱ्याची सही तुमची आहे.”

“माझीच आहे,” तेकला म्हणाली.

“मग छत्री कुठाय?”

“मला काय विचारता साहेब? ती घालून उडी मी थोडीच मारली!”

मी शेजारच्या टेबलावर होते. हसू दाबायला मी मान इतकी खाली घातली की नाक दोऱ्यांत अडकलं. हॅलॉक माणूस वाईट नव्हता. पण पुस्तकातला नियम दिसला की त्याला समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. चौकशी शुक्रवारी आहे, त्यानं सांगितलं. तोवर छत्री आणि तिचे अंगावर बांधायचे पट्टे तपासायला मिळाले तर ठीक. नाहीतर अहवालात ‘घडीबद्दल शंका’ असा शेरा जाईल. तसा शेरा बसलेल्या बाईला पुन्हा टेबलापाशी उभं करत नाहीत, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं.

कागदावर पॅराशूट, पण आमच्या शेडमध्ये तिला सगळे छत्रीच म्हणत. बेचाळीस साली कॅनडातल्या आमच्या क्लोव्हर बेंडला लष्करी विमानतळ आला, आणि तेकला बोरोडायको शेतावरच्या कोंबड्या भावाच्या गळ्यात मारून इथं घडी घालायला आली. आता ती छप्पन्न वर्षांची होती. बुटकी, जाड चष्म्याची, आणि जिभेला हाड नाही अशी. पण घडी घालताना ती अक्षर बोलायची नाही. मध्येच कुणी हाक मारली तर सगळी छत्री उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा तळाच्या प्रमुखांनीच “गुड मॉर्निंग” म्हटलं, तर त्यांच्या तोंडासमोर तिनं घातलेली घडी मोडली. तेव्हापासून साहेबही आमच्या शेडमध्ये चवड्यांवर चालतात. सगळा तळ तिला ‘तेता’ म्हणतो. आमच्या युक्रेनी भाषेत मावशीला तेता म्हणतात. ज्यांना आमची भाषा येत नाही त्यांचीही ती तेताच.

लढाई संपून सहा वर्षं झाली होती, तरी आमच्या गावातले गणवेशातले अंत्यविधी काही थांबले नव्हते. उडायला शिकणारी वीस-वीस वर्षांची पोरं. त्या वर्षी मे उजाडेपर्यंत तिघं गेले. एक जण फार खाली असताना गिरकी घ्यायला गेला, दोघं ढगात एकमेकांवर आदळले. तेकला तिघांच्याही दफनाला गेली आणि दर वेळी शेडमध्ये परतून तिनं घड्यांची वही उघडून पाहिली. दोघांच्या पाठीला तिनं घातलेल्या घड्या होत्या, तशाच बंद. त्या दोन्ही दिवशी ती जेवली नाही.

म्हणून गेल्या शुक्रवारी रॉरी मॅकइसॅकचं विमान गिरक्या खात खाली आलं आणि रॉरी मात्र छत्रीला लटकून जिवंत उतरला, तेव्हा आमच्या शेडमध्ये दिवाळीच झाली म्हणा ना! तेकलानं खसखशीचा रोल भाजून आणला, हॅलॉकनंसुद्धा दोन तुकडे खाल्ले. आणि आज मंगळवारी हा कागद.

“अगं नेटी,” हॅलॉक गेल्यावर ती मला म्हणाली, “तुझी गाडी चालते का अजून?”

“उतारावर चालते.”

“मग उतार शोध. पोरगा ह्नात पिडलुब्नीच्या शेतात पडला होता. अँब्युलन्सवाल्यांनी पोरगा उचलला आणि छत्री तिथंच टाकून आले. गाढव कुठले!”

मी गाडीत हळूच विचारलं, “तेता, समजा, खरंच घडीत काही राहिलं असेल तर?”

 ती म्हणाली, “तर मीच शेरा लिहीन. हॅलॉकचं अक्षर घाण आहे.” पण मांडीवरचे तिचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

ह्नातची बायको वासिलिना दारातच उभी होती. तिनं आधी आम्हाला पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या. मग वर साय घातली, मग परतलेला कांदा घातला. हे सगळं पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे कुणी कामाचं बोलत नाही.

“छत्री?” ती म्हणाली. “कसली छत्री? वाऱ्यानं गेली असेल. इथं वारा काय कमी आहे!”

तिच्या एप्रनला पांढरे दोरे चिकटले होते. तेकलानं त्यातला एक उचलला आणि उजेडात धरला. “वाऱ्यानं गेली, आणि जाताना तुझ्या एप्रनला हात पुसून गेली होय गं?”

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून वासिलिनाची मुलगी स्लावका बाहेर आली. अंगात अर्धा शिवलेला लग्नाचा पोशाख, एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांवर. आम्हाला पाहून ती जागच्या जागी थिजली.

“आई, तू तर म्हणालीस बायका गेल्या!”

वासिलिनानं पवित्रा बदलला. “आता आभाळातून माझ्या बार्लीत पडलं ते माझंच की! बार्ली तुडवली त्याचं काय? लग्न तीन आठवड्यांवर आलंय. असलं नायलॉन गावात बघायला तरी मिळतं का? आणि पोराला मी बिटाचं बोर्श्त पाजलंय, दोन वाट्या!”

तेकला उठली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं स्लावकाला खिडकीशी नेलं, घेराच्या शिवणी बोटांनी चाचपल्या, आणि कमरेपाशी थांबली. “इथं तू सुरकुती घेतलीस. कापड तिरकं पडलंय. उसव आणि पुन्हा शिव.” मग वासिलिनाकडे वळून, “छत्री राहू दे. पट्टे कुठायत?”

पट्टे ह्नातनं कालवडीला बांधले होते. कालवड त्यात फार रुबाबदार दिसत होती आणि सोडायला तयार नव्हती. ह्नातनं शेपटी धरली, मी शिंगं धरली, तेकलानं बकलं काढली आणि तिघंही शेणात बसलो. तिथंच बसून तिनं पट्टे मांडीवर पसरले आणि इंच इंच पाहिले. डावीकडचा, ज्यावर छत्री उघडायचं हँडल असतं, तो धड होता. उजव्या खांद्याचा पट्टा मात्र बकलातून चार बोटं बाहेर ओढला गेला होता, तीन टाके तुटले होते. कालवडीच्या खांद्याला तो भाग लागतच नव्हता.

“हे कुणी ओढलं?” मी म्हटलं.

तेकलानं पट्टे गुंडाळले. “पोरगा चहाचा कप कुठल्या हातानं धरतो, पाहिलंयस?” ती म्हणाली, आणि मला तेव्हा काही कळलं नाही.

बुधवारी रॉरी लंगडत शेडमध्ये आला. तिनंच बोलावलं होतं. केप ब्रेटनच्या कोळ्याचा पोरगा, लालभडक कानांचा. आमच्याकडे सरावासाठी छताला टांगलेले पट्टे होते, तिनं त्याला त्यात अडकवलं.

“डोळे मीट. विमान गिरक्या खातंय. जमीन वर येतेय. मार उडी!”

पोराचा डावा हात झटकन उजव्या खांद्यावर गेला आणि पट्टा मुठीत धरून हिसडला. पुन्हा हिसडला. मग त्यानं डोळे उघडले, आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि त्याचे कान पांढरे पडले.

“हँडल डावीकडे असतं,” तो पुटपुटला.

“असतं खरं. उजव्या हातवाल्यांना पटकन सापडावं म्हणून. तू डावखुरा. घाबरल्यावर हात आईनं शिकवलेलं करतो, मास्तरानं शिकवलेलं नाही.”

“तेता, मला खरंच वाटलं होतं, मी हँडलच ओढतोय. खोटं नाही लिहिलं मी.”

“माहीत आहे रे.”

“हे कळलं तर घरी धाडतील मला. गावात सगळ्यांना सांगून आलोय, वैमानिक होऊनच येतो म्हणून.” “तुम्ही सांगणार?”

“पट्टे मी टेबलावर ठेवणार, ते सरकारचे आहेत. पण हात तुझा आणि तोंडही तुझं.” एवढं बोलून ती आपल्या टेबलाकडे गेली आणि एक छत्री पसरायला लागली. म्हणजे आता बोलणं संपलं.

त्या दोन रात्री मला काही झोप लागली नाही. पट्टे काय, ते कालवडीनंही ओढले म्हणता आले असते. पोरगा गप्प राहिला तर तेकलाची नऊ वर्षं एका शेऱ्यात बुडणार होती, आणि ही बाई खुशाल घड्या घालत होती!

शुक्रवारी चौकशीला प्रमुख आणि आणखी दोन अधिकारी बसले. साक्षीला म्हणून मलाही आत घेतलं. पट्टे टेबलावर होते आणि त्यांना कालवडीचा वास येत होता, त्यावर कुणी काही बोललं नाही. रॉरी उभा राहिला. डावा हात त्यानं पाठीमागे घेतला.

“साहेब, मी चुकीचं लिहिलं. छत्री पहिल्याच ओढीला उघडली. आधी दोनदा मी जे ओढलं ते हँडल नव्हतंच, खांद्याचा पट्टा होता. मी डावखुरा आहे. तेतांच्या घडीत काही चूक नाही.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. प्रमुखांनी चष्म्यावरून आधी पोराकडे पाहिलं, मग तेकलाकडे. “तुम्हाला काही सांगायचंय?”

“थोडकंच. याला घरी धाडाल तर हा मासे पकडेल, आणि बरे पकडेल. ठेवाल तर हँडल कुठं आहे हे या तळावर याच्याइतकं पक्कं ठाऊक असलेला दुसरा कुणी सापडायचा नाही. या गावात आणखी किती पोरं पुरायचीत, साहेब?”

प्रमुखांनी टोपी टेबलावरून उचलली, पुन्हा ठेवली. रॉरी राहिला. हुकूम निघाला तो असा, की सोमवारपासून प्रत्येक शिकाऊ वैमानिकानं उडायच्या आधी तेता बोरोडायको यांच्यासमोर डोळे मिटून हँडल शोधून दाखवायचं. तिनं हो म्हटल्याशिवाय विमानाला हात लावायचा नाही.

हॅलॉकनं शेवटचा रकाना भरायला पेन उघडलं. “आणि छत्रीचं कापड?”

“फाटलं,” तेकला म्हणाली.

“कसं फाटलं?”

“मापानं.”

हॅलॉकनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत होते. त्यानं ‘वापरास अयोग्य’ असं लिहिलं. आयुष्यात त्यानं पुस्तकाबाहेर केलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

स्लावकाचं लग्न गावच्या सभागृहात झालं. वासिलिनानं सगळा तळ बोलावला होता, चोराच्या मनात दुसरं काय असणार! रॉरीनं कोबीचे रोल सतरा खाल्ले. हॅलॉक नवरीकडे पाहून माझ्या कानात म्हणाला, “सरकारी माल काय सुरेख दिसतोय!” आणि लगेच दचकून इकडेतिकडे बघू लागला.

मग डफ आणि फिडल सुरू झाली. नवऱ्यानं स्लावकाला मधोमध नेलं आणि गरकन फिरवलं. पोशाखाचा घेर आधी पायांशी गुंडाळला, मग त्यात वारा शिरला, आणि तो सगळाच्या सगळा गोल उघडला, पांढराशुभ्र, एकही पट अडकला नाही.

मी तेकलाकडे पाहिलं. आम्ही घडी घालतो आणि बंद पिशवी खिडकीतून देतो. ती उघडते तेव्हा कुठल्या तरी लांबच्या शेतावर, आणि आम्ही तिथं नसतो. नऊ वर्षांत, अकरा हजार घड्यांत, तिनं आपलं कापड वाऱ्यानं भरलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

ती ताटली बाकावर ठेवून उभी राहिली होती. कुणीतरी तिला बोलावलं, रॉरीनं नाचायला हात पुढं केला, तिचं लक्ष नव्हतं. गाणं संपलं, नवरी धापा टाकत खुर्चीत बसली, घेर खाली आला. तेकला तरीही उभीच होती.