कान्हाच्या जागी बसलेला

मी रेवदंड्याच्या कान्हा कोळ्याचा पखवाज बोलतोय. माझं खोड फणसाचं. पेणच्या एका कारागिराने ते आतून पोखरलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं आणि वाद्या आवळून मला आवाज दिला. सन वीसच्या सुमारास कान्हाने मला घरी आणलं. नवीन लग्न झालेला तो पोरगा जाळ्यासाठी दोर आणायला गेला होता आणि पखवाज घेऊन आला. त्याची बायको नीराबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला मांडीवर घेतलं, आणि चुलीपाशी बसलेल्या तिच्या पायाची बोटं आपोआप हलू लागली. तेव्हापासून मी त्या घरचा झालो.

कान्हाचे हात मला आतून ठाऊक होते. दोर ओढून ओढून तळव्याला घट्टे पडलेले, पण हात नेहमी ऊन. वाजवण्याआधी तो माझ्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावायचा आणि हळूच म्हणायचा, “चल गड्या.” सोळा वर्षांत तो हे कधी विसरला नाही.

त्याला एकच गोष्ट जमत नसे. नाही म्हणणं. कुणी बोलावलं की तो म्हणायचा, “येतो.” माणसांची ही खोड मी पुष्कळ पाहिली आहे. येतो म्हणायला काही लागत नाही. जायला मात्र अख्खं अंग लागतं.

छत्तीस सालच्या वैशाखात सगळंच एकदम आलं. त्याची एकुलती लेक केसर थळच्या घरी द्यायची ठरली. त्याच आठवड्यात देवळात सप्ताह बसला आणि भजनाचे बुवा हरेश्वर यांना त्याने शब्द दिला होता की दुपारच्या भजनाला पखवाज तोच वाजवेल. शिवाय पावसाळा तोंडावर आलेला. होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधीचं शेवटचं उधाण, त्यात जाळं टाकलं नाही तर चार महिने घरात काय शिजणार?

कान्हा सकाळी मांडवाचे बांबू पुरायचा, तिथून खाडीवर, तिथून देवळात. भाकरी चालता चालता खायचा. केसर एकदा दारात आडवी आली. “आबा, माजी साडी बगितली न्हाय तुमी.”

“बगतो गो, सांच्याला बगतो,” म्हणत तो निघाला. सांजेला तो आला तेव्हा लेक झोपली होती.

हळदीच्या दोन दिवस आधी, दुपारी त्याने मला गोणपाटात गुंडाळून लहान होडीत घेतलं. खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट बघत बसायचं होतं, तेवढ्यात भजनाचा सराव होईल, असा त्याचा हिशेब. पाणी थांबल्यासारखं होतं. वारा नव्हता. कान्हाने वाजवायला सुरुवात केली आणि समोर कोर्लईच्या डोंगरावरून माझाच आवाज परत येऊ लागला.

थोड्या वेळाने तो थांबला. कपाळावरचा घाम पुसत मोठ्याने म्हणाला, “एका अंगानं कुटं कुटं पुरू? माज्या जागी कुनीतरी बसा रं!”

त्याचे हात मांडीवर होते. माझ्यावर थाप पडली नव्हती. तरी डोंगराकडून ठेका आला. अगदी आमचाच ठेका, एक मात्राही न चुकता, आणि तो हळूहळू जवळ येत गेला.

मग कुणीतरी मला उचललं. हात ओले होते. खाडीत बसल्यावर हात ओले व्हायचेच, म्हणून मला तेव्हा काही वाटलं नाही.

देवळात त्या दिवशी भजन असं रंगलं की बुवांनी टाळ खाली ठेवून नुसतं ऐकलं. “कान्हा, आज काय खाऊन आलास रं?” त्यांनी हसत विचारलं.

कान्हाने पुढचा ठेका धरला. मी मात्र गोंधळलो होतो. डाव्या तोंडाला कणीक लावली नव्हती, तरी खर्ज असा घुमत होता जणू मला विहिरीत सोडलंय. “चल गड्या” ऐकू आलं नव्हतं. आणि तळवा गार होता. भर वैशाखात, माणसांनी खचाखच भरलेल्या देवळात, तो तळवा माशाच्या पोटासारखा गार आणि गुळगुळीत होता.

पुढचे दिवस गावात एकच बोलणं. कान्हा कसा सगळीकडे पुरतो बघा! मांडवाला तोरणं लागली, पाहुण्यांना पाणी मिळालं, मासळीची टोपली दारात आली, हळदीला बाप वेळेवर हजर. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. नीराबाई सुखावली होती. फक्त एकदा, मला कोनाड्यात ठेवताना ती आपल्या दिराला, मोरूला, म्हणाली, “भावजी, ह्ये आजकाल कुनाला नावानं हाक मारीत न्हाईत. मलाबी न्हाय.”

“दमलाय, वयनी,” मोरू म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पन त्याची होडी तिकडंच दिसते वं, खाडीच्या तोंडाला. सकाळी बगितली, दुपारी बगितली. मानूसबी बसलेला दिसतो. मला वाटलं दादाच हाय.”

“आन् ह्ये तर घरात हायेत,” नीराबाई म्हणाली.

मोरू अंगणाकडे वळला, ती चुलीकडे. अंगणात पाहुणे होते, चुलीवर भात होता. लग्नघरात भ्यायला सवड कुणाला असते?

लग्न दुपारचं होतं. मांडवात सगुणा धवलारीण धवले गात होती. आमच्याकडे लग्न लावते ती तीच. भजनी मंडळीही आली होती, म्हणून मलाही एका बाजूला ठेवलं होतं. कन्यादानाची वेळ आली. बाप पाटावर बसला आणि त्याने केसरचा हात हातात घेतला.

केसरचा चेहरा बदलला. तिने हात सोडवला नाही. खाली वाकून तिने तो तळवा उलटा केला, नीट पाहिला आणि अगदी हळू म्हणाली, “आबा, माजं नाव काय?”

सगुणाचं गाणं थांबलं. पाटावरचा माणूस केसरकडे बघत राहिला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यातून पाणी ठिबकलं.

“ह्यो माजा आबा न्हाय,” केसर म्हणाली आणि उठली. मुंडावळ्या बांधलेली नवरी मांडवातून धावत सुटली, मागे मोरू, मागे अर्धा गाव. ती गेल्यावर मी पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. त्याच्यावर खारं पाणी साचलं होतं. उठून जाणारं पाऊल कुठेच उमटलं नव्हतं.

त्यांनी कान्हाला मांडवात धरून आणलं. पुढचं मी मोरूच्या तोंडून ऐकलं. होडी खाडीच्या तोंडाशी जागच्या जागी उभी होती, नांगर न टाकताही. कान्हा वल्हं धरून ताठ बसला होता. डोळे उघडे, ओठांवर मीठ, दाढी वाढलेली. जाळं कोरडं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. केसरने हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली आणि म्हणाला, “आलो गो केसर. भरती लागली की निगतो. हळद परवा हाय ना?”

लग्न लागलं. उशिरा, पण बापाच्या ऊन हाताने लागलं. केसर थळला गेली, आता तिला दोन मुलं आहेत. ती सुखात आहे.

कान्हाही बरा झाला. एका वेळी एकच काम करतो. समुद्रावर मात्र एकटा जात नाही. पण ते दिवस त्याच्याकडे नाहीत. तो लोकांना विचारत फिरतो. नीराबाईला विचारतो, “हळदीला केसर कशी दिसत हुती?” ती सांगते, तो ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. लेकीच्या हळदीत तो सगळ्यांना दिसला, त्याला मात्र ती दिसली नाही.

मला त्याने देवळात देऊन टाकलं. तिथेही मला कुणी वाजवत नाही. वाद्या सैल पडल्या आहेत, उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईला तडे गेले आहेत. कधी दुपारी देऊळ रिकामं असताना कान्हा येतो, माझ्यासमोर बसतो आणि विचारतो, “तू तर संगं हुतास. काय वाजिवलं रं त्यानं?”

मला सगळं आठवतं. पण कान्हाला माझी भाषा थापेचीच कळते, आणि थाप मारायला त्याचा हात होत नाही. बोटं माझ्या कातड्यापर्यंत येतात, त्यांची ऊब मला लागते, आणि तिथेच थांबतात.

कान्हा, ठेव हात. मी सांगेन. पण एकदा सांगायला लागलो, की डोंगराकडून कोण साथ देईल, ते मला विचारू नकोस.