न दुखणारा अंगठा

बाभळीचा बोटभर काटा कोकिळाच्या अंगठ्यात रुतला आणि तिने हूं की चूं केलं नाही. टिनाच्या शेडमध्ये माणूस माणसाला चिकटून उभा होता, मागची मंडळी ट्रॉलीवर चढून माना उंच करत होती. सगळ्यांच्या तोंडून एकदमच "जय हो!" निघालं.

गाठीमहाराजांनी काटा चहूकडे फिरवून दाखवला. "दुखलं का, माय?"

"नाही, महाराज."

"अन् काल रातच्याला?"

"जीव जाऊन राह्यला होता."

"देख लो! दर्द को बांध दिया देवीने! डॉक्टर हाडाले प्लास्टर मारते, आम्ही दुखण्याले गाठ मारतो. अन् ऐका, गाठ मी सैलच बांधली होती. रात्री देवीनं सोताच्या हातानं आवळली!"

बायकांनी पदर पसरून नमस्कार केले. मी मात्र पहिल्या रांगेकडे बघत होते. तिथे महाराजांची खास माणसं बसायची, हार-गुलाल वाटायची. प्रत्येकाच्या एका हाताला अंगठा नव्हता. कोणाचा मुळापासून, कोणाचा पेरापासून गेलेला. महाराज त्यांना 'वाहिलेले' म्हणायचे. देवी जीव मागत होती, मी मध्ये पडलो आणि अंगठ्यावर भागवलं, असा त्यांचा हिशेब.

मी धम्मशीला. साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तोंडाने फटकळ आहे, हे गाव मला सांगतच असतं. कोकिळा माझी शेजारीण. शेडनेटच्या जाळीखाली मिरचीचं क्रॉसिंग करते, म्हणजे बियाण्यासाठी एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावते. कळी धरायची, अलगद उघडायची, सगळा खेळ अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा. काल संध्याकाळी कालवड बांधताना तिने दावं हाताला गुंडाळलं होतं. कालवड कशाला तरी बुजली, हिसका बसला आणि दाव्याच्या पिळात अंगठा मोडला. नवरा इंद्रभान तिला दवाखान्यात नेणार होता, पण शेजारपाजाऱ्यांनी इकडे वळवलं. मी बाहेरगावी होते, सकाळी परतले तेव्हा कळलं.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि तिचा हात धरला. अंगठा गार होता, माठातल्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. रंग निळसर राखाडी. बुडाशी काळा धागा मांसात इतका रुतला होता की दिसत नव्हता. मी नख दाबून सोडलं. जिवंत बोटाचं नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडताच पुन्हा गुलाबी होतं. हिचं पांढरं झालं ते तसंच राहिलं.

"कोकिळा, हा धागा आत्ताच्या आत्ता काप. अंगठा मरून राह्यला तुझा."

तिने हात झटकन पदराखाली ओढला. "नाही मॅडम! अमावास्येच्या आत गाठ सुटली तं यायच्या जिवाले धोका हाय. महाराजानं सांगतलं."

'यायच्या' म्हणजे इंद्रभानच्या. तो बाजूला घाम पुसत उभा होता. काय बिनतोड कुलूप लावलं होतं बघा! बाई स्वतःसाठी एकदा धागा तोडेलही, पण नवऱ्याच्या जिवावर?

"मॅडम देवीले मानत नाहीत," महाराज गोड हसले. "त्यायले काय ठाव?"

"खरं आहे, नाही मानत. म्हणूनच बघा आता." मी त्यांच्या ताटातला काळा धागा उचलला, माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी करकचून बांधला आणि हात वर धरला.

वाट बघणं भाग होतं, आणि तेच मला खात होतं. माझा अंगठा नाटक करत होता, तिचा खरोखर जात होता. महाराजांनी जयजयकार सुरू केला. ट्रॉलीवरून कोणीतरी ओरडलं, "बाईले बाहेर काढा बे!" दोन-तीन जण पुढे सरकले. इंद्रभान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "थांबा ना भाऊ, पाहू तं द्या!"

माझा अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा. ठणकला, मुंग्या आल्या. धाग्याच्या दोन्ही बाजूंनी मांस टरारून वर आलं.

"बघा, गाठ आवळली का? गाठ आहे तिथेच आहे, अंगठा सुजलाय. मोडलेला अंगठा तर रात्रभर सुजणारच. त्यात देवीने काय केलं? टोचा काटा."

रांगेतला रामराव जवळ होता, त्याच्याच हातात काटा दिला. त्याने टोचला.

"कळलं मला," मी म्हणाले. खोटं काऊन बोलू? लोक हसले. महाराज तर पोट धरून हसले.

हसणं विरलं. मी हात तसाच धरून वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिले. पुन्हा टोचायला सांगितलं. रक्ताचा काळपट थेंब आला आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"मी नवस बोलले नाही, पाया पडले नाही. मग माझं दुखणं कोणी बांधलं? रक्त अडलं की नस बधिर होते. हा उतारा नाही, लोकहो, हे मरण आहे. आधी बधिर, मग गार, मग काळं, मग गळून पडतं!"

मी माझा धागा तोडला. अंगठ्यात रक्त धावत आलं, कळ डोक्यात गेली.

रामराव आपल्या बिनअंगठ्याच्या हाताकडे बघत होता. "माहा बी असाच गार पडला होता," तो हळूच म्हणाला. "मी इथंच नाचलो होतो, दुखत नाही म्हून."

"रामराव, बस खाली!" महाराज गरजले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता.

रामराव बसला नाही. इंद्रभानने गाडीची चावी काढली, तिच्या कडीला नेलकटर होतं.

"अहो, नका ना," कोकिळा रडायला लागली. "तुमाले काही झालं तं?"

"मी मेलो तं मेलो. हात दे."

रामरावने तिचं मनगट घट्ट धरलं. मांसात नेलकटरचं टोक घालून इंद्रभानने धागा तोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोकिळाने अशी किंकाळी फोडली की बायका मागे पळाल्या.

"कोपली! देवी कोपली!" महाराज ओरडले.

"कोपली नाही, दुखतंय!" मी त्यांच्याहून मोठा आवाज काढला. "दुखतंय म्हणजे जिवंत आहे! ओरड कोकिळा, खुशाल ओरड!"

वाट देताना लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मला अजून आठवते. इंद्रभानने गाडी चिखलीला दवाखान्यातच थांबवली. डॉक्टरांनी हाड सरळ करून तार घातली. अजून थोडा उशीर केला असता तर कापावाच लागला असता, म्हणाले. शेंड्याची कातडी काळी पडून गेली, नख गळालं. तार निघाल्यावर अंगठा लाकडासारखा ताठ. मग रोज कोमट पाण्यात बोट वाकवणं, कणकेचा गोळा दाबणं, ताटातली ज्वारी चिमटीने वेचणं. कितीदा तिने रागाने ताट ढकललं, कितीदा रडली! पुढच्या हंगामात ती शेडनेटमध्ये गेली. अंगठा पूर्वीसारखा वाकत नाही, थंडीत कळ मारतो, पण कळी धरता येते. इंद्रभान ठणठणीत आहे. अमावास्या येतात आणि जातात.

आता वाटेल, महाराज पळाले असतील. छे हो! 'कोकिळाचा अंगठा देवीला सांगून मीच सोडवला,' असं ते शेडमध्ये सांगतात आणि लोक माना डोलावतात. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, रामरावने जबाब दिला आहे. त्याच्याशी अर्धं गाव बोलत नाही. गेल्या आठवड्यात पहिल्या रांगेत एक नवा माणूस बसलेला दिसला, हाताला ताजी पट्टी होती.

म्हणून हात जोडून सांगते. हात मोडला, चिरडला, पिळात सापडला, तर दवाखाना गाठा. कोणी काही बांधलं तर नख दाबून बघा, बोट गार आहे का चाचपा. रंग परत येत नसेल तर बंध सोडा, मग तो कोणाच्याही नावाने बांधलेला असो. आणि दुखणं अचानक थांबलं म्हणून नाचू नका. माझं ऐकू नका हवं तर, स्वतःचं नख दाबून बघा. आत्ता, हे वाचता वाचता बघा.