माझ्या पोटातली तोमासा

मित्रांनो, तंबू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर डोंगर येत असेल, शेकोटी येत असेल. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी घरात राहणारा तंबू आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या अंगावर कधी पाऊस पडला नाही, आणि वारा म्हणाल तर कोपऱ्यात टांगलेल्या पंख्याचा. बाहेरून मी काळाकुट्ट, कपाटाएवढा. आतून मात्र चंदेरी, इतका की दिवा लागला की बघणाऱ्याचे डोळे दिपतात. मोन्तेविदेओ शहरात ला तेखा नावाची वस्ती आहे, तिथल्या एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत मी उभा आहे. माझ्या पोटात गांजाची झाडं वाढतात.

दचकू नका. आमच्या देशात हे चोरून करावं लागत नाही. टपाल कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं आणि घरात फुलणारी सहाच झाडं ठेवायची, सातवं नाही. माझा मालक वाल्देमार नोंदणीला गेला तेव्हा गुळगुळीत दाढी करून आणि लग्नातला कोट घालून गेला होता. खिडकीवरच्या बाईला वाटलं, हा बाबा सत्काराला निघालाय.

वाल्देमारने मला हौसेखातर आणलं नाही. त्याची बायको निबिया शिवणकाम करायची. कार्निव्हलमध्ये गल्लीची जी गाणारी मंडळी असते, तिचे टिकल्याटिकल्यांचे झगे तीस वर्षं तिनेच शिवले. मग तिच्या उजव्या हातावर नागीण उठली. नागीण गेली, पण आग मागे ठेवून गेली. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत नुसता जाळ व्हायचा, सुई धरवेना की चमचा धरवेना. डॉक्टरीणबाईंनी सगळी औषधं करून पाहिली आणि शेवटी म्हणाल्या, या झाडाचं तेल घेऊन बघू, माझ्या देखरेखीखाली.

पहिल्या वर्षी काही जमलं नाही. एका झाडाच्या तेलाने तिच्या छातीत धडधडू लागलं. दुसऱ्याचं घेतलं तेव्हा ती संध्याकाळभर हसत बसली. बरं वाटतंय का, असं वाल्देमारने विचारलं तर म्हणाली, "दुखतंय तेवढंच रे म्हाताऱ्या, पण आता हसत हसत दुखतंय."

मग कुणीतरी आठवडी बाजारात वाल्देमारला काडेपेटीत घालून सात बिया दिल्या. कुठल्या, कशा, त्या माणसालाही सांगता येईना. त्यातल्या एका बीचं झाड मला पहिल्यापासून वेगळं वाटलं. त्याच्या प्रत्येक फांदीवर एक पान किंचित डावीकडे मुरडलेलं असायचं, आणि जवळून संत्र्याच्या सालीचा वास यायचा. त्या झाडाचं तेल निघालं. निबियाने रात्री जिभेखाली दोन थेंब घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुई मागितली आणि वाल्देमारच्या सदऱ्याला एक बटण लावलं. एकच. वाल्देमार बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसला होता.

निबियाने झाडाला आपल्या आईचं नाव ठेवलं, तोमासा. आई तशीच होती म्हणे, कुणाशी फारसं बोलायची नाही, पण सगळ्यांकडून कामं करून घ्यायची.

आता खरी अडचण उभी राहिली. हे झाड एकदा फुललं की संपतं. त्याचं बी धरावं तर बीतून तोमासाची पोरं येणार, तोमासा नाही. आणि निबियाच्या हाताला तोमासाच हवी होती. शेजारच्या एल्बियोला हे कळलं तेव्हा तो भिंतीवरूनच म्हणाला, "मग तिला मरू कशाला देतोस?" एल्बियो आणि वाल्देमार मांसाच्या कारखान्यात बावीस वर्षं एकाच टेबलावर उभे राहिलेले. एल्बियोच्या बापाचा द्राक्षाचा मळा होता, त्यामुळे फांदी लावण्याची विद्या त्याच्या बोटांत होती. तो आला, त्याने पात्याने वीतभर फांदी तिरकी कापली, खालची पानं खुडली आणि ओल्या भुशाच्या ठोकळीत ती खोचून वर काचेचं झाकण ठेवलं. झालं एवढंच.

मित्रांनो, त्या दिवशी मला त्या फांदीची कीव आली होती. आईपासून तोडलेली, मुळं नसलेली, मान टाकलेली एक काडी. ती कशाच्या आधारावर जगणार? तेराव्या दिवशी ठोकळीच्या तळातून एक पांढरा धागा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी मोजता येईनात. महिन्याभरात तिच्यावर फांद्या फुटल्या, आणि प्रत्येक फांदीवर एक पान किंचित डावीकडे मुरडलेलं. संत्र्याच्या सालीचा वास आला. ही तिची मुलगी नव्हती, ही तीच होती. आजतागायत मला ते कोडं उलगडलेलं नाही. एवढं मोठं नवल माझ्या पोटात घडलं आणि मी नुसता चार बांबूंसारखा उभा होतो.

पुढे वाल्देमारने माझ्या आत एक काळा पडदा शिवून घेतला. डावीकडे अठरा तासांचा दिवस, तिथे तोमासा कायम तरुण राहायची, फुलायचं विसरून नुसती वाढायची. उजवीकडे बारा तासांचा दिवस, तिथे तिच्या फांद्यांची झाडं शरद ऋतू आला असं समजून फुलायची. आमच्याकडचे ऋतू तुमच्या उलटे, त्यामुळे बाहेर जुलैची हाडं गोठवणारी थंडी असायची आणि माझ्या पोटात एका बाजूला जानेवारीचा उन्हाळा, दुसऱ्या बाजूला एप्रिल. एका सुती पडद्याच्या दोन बाजूंना दोन ऋतू मी सांभाळले. सहा वर्षं सांभाळले. त्या सहा वर्षांत निबियाने पुन्हा झगे शिवले आणि कार्निव्हलच्या रात्री पहिल्या रांगेत बसून आपल्याच टिकल्या मोजल्या.

विद्या शिकवली म्हणून एल्बियोला तोमासाची एक फांदी मिळाली होती. ती त्याने आपल्या घरी वाढवली. मग लागवडवाल्यांचा एक मेळावा भरला, तिथे त्याच्या फुलांना पहिलं बक्षीस मिळालं. झाडाचं नाव काय, असं विचारल्यावर हा पठ्ठ्या माईकवर म्हणाला, "एल्बियोची राणी." वाल्देमार खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्बियो नेहमीप्रमाणे माते घेऊन आला. आमच्याकडे भोपळ्याच्या वाटीत कडू पाला भरतात, बगलेतल्या थर्मासमधून त्यावर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. एकच वाटी सगळ्यांत फिरते. वाटी परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ मला आता पुरे, पुन्हा भरू नकोस. वाल्देमारने पहिलीच वाटी संपवली, परत दिली आणि आभार मानले. एल्बियो थर्मास उचलून निघून गेला. चार वर्षं मधल्या भिंतीवरून एक शब्द आला नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझी चेन अजून अडकते. गेल्या हिवाळ्यात तोमासा थकली. खोड लाकडासारखं झालं, पानं पिवळी पडू लागली. वाल्देमारने तिच्या दहा फांद्या काढून ठोकळ्यांत लावल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हातारं झाड उपटलं. मुळं फुटेपर्यंत थांब की जरा, असं निबिया म्हणाली होती. त्यावर हा छाती काढून म्हणाला, सहा वर्षांत माझी एक तरी फांदी वाया गेली आहे का? कुंडीतली मातीसुद्धा त्याने परसातल्या कोबीला घातली.

थंडीत फांद्यांना गार पाणी सोसत नाही, म्हणून कोमट पाणी तो एका थर्मासमध्ये ठेवायचा. मातेचं कढत पाणी दुसऱ्या थर्मासमध्ये. दोन्ही थर्मासांना निबियाने एकाच निळ्या लोकरीच्या खोळी विणल्या होत्या. रविवारची दुपार होती. रेडिओवर फुटबॉलचा सामना लागला होता, शेवटची मिनिटं चालली होती. वाल्देमार एका हातात माते, बगलेत थर्मास, कान रेडिओकडे, असा माझ्यात वाकला आणि ट्रेमध्ये पाणी ओतलं.

वाफ आली. माझ्या चंदेरी भिंतींवर दव धरलं. दहाच्या दहा फांद्यांनी माना टाकल्या. तिकडे रेडिओवर गोल झाला, आणि वाल्देमार तसाच वाकलेला राहिला.

दोन दिवस त्याने घरात काही सांगितलं नाही. येऊन मेलेल्या फांद्यांवर पाणी फवारायचा, माझी चेन हळूच लावायचा आणि शीळ घालत स्वयंपाकघरात जायचा. तिसऱ्या दिवशी निबियाला वास आला. तिने माझं दार उघडलं, ट्रे पाहिला, कोपऱ्यातला थर्मास पाहिला, आणि नवऱ्याला हाक मारली.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तू माझ्या आईची भाजी केलीस."

उजवीकडची फुललेली झाडं आधीच कापून झाली होती, त्यांच्या तेलाची एक बाटली उरली होती, ती फार तर सप्टेंबरपर्यंत पुरली असती. कार्निव्हल फेब्रुवारीत. झग्यांचं कापड घरात येऊन पडलेलं. भिंतीपलीकडे तोमासा आहे, एवढंच तिने त्याला सांगितलं. त्याच्या दारात मी जाणार नाही, असं हा म्हणाला. ती वाद घालत बसली नाही. त्या दिवसापासून तिने दोनऐवजी एकच थेंब घ्यायला सुरुवात केली, बाटली लांबावी म्हणून.

आठवड्याभरात तिच्या हातून दोऱ्याची रिळं पडू लागली. ती शिवायला याच खोलीत बसायची, त्यामुळे मला ऐकू यायचं. पडलं की ती थोडी थांबायची, मग डाव्या हाताने उचलायची. एका सकाळी वाल्देमार दारात उभा होता. रीळ पडलं, गडगडत त्याच्या पायाशी आलं. त्याने ते उचलून टेबलावर ठेवलं आणि थर्मास न घेता घराबाहेर पडला. थर्मासशिवाय त्याला बाहेर पडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तासाभराने दोघं आले. एल्बियो म्हातारा झाला होता, एका काठीवर टेकून चालत होता. त्याने माझ्यात डोकं घातलं, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही.

आतूनच तो म्हणाला, "त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते रे. मला जन्मात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नाव विचारलं, आणि तोंडातून माझंच निघालं."

वाल्देमार म्हणाला, "झाड आहे ना अजून?"

होतं, पण धडधाकट नव्हतं. एल्बियोचा तंबू केव्हाच फाटला होता, त्याने ते खिडकीत ठेवलं होतं आणि गारठ्याने त्याचा अर्धा भाग जाळला होता. जेमतेम तीन फांद्या निघाल्या. त्या माझ्यात आल्या आणि मी आधी पान बघितलं. किंचित डावीकडे मुरडलेलं. चार वर्षं परक्या घरात, परक्या नावाने राहिलेली माझी तोमासा.

एल्बियोने फर्मान काढलं, थर्मास उंबऱ्याबाहेर. दोघं रोज सकाळी माझ्या दाराशी दोन स्टुलं टाकून बसायचे आणि माते ओढायला अंगणात जायचे. सहाव्या दिवशी एक फांदी काळी पडली. अकराव्या दिवशी दुसरी. तेरावा दिवस कोरडा गेला, चौदावा, पंधरावाही. सोळाव्या दिवशी वाल्देमार आलाच नाही, त्याच्याच्याने बघवेना. निबिया आली. तिने उरलेली ठोकळी डाव्या हाताने उचलून दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, "आई, आता पुरे झालं हं."

सतराव्या दिवशी तळातून पांढरा धागा बाहेर आला.

एल्बियोने दोघांना हाका मारल्या. तिघंही गुडघे टेकून माझ्या दारात बसले, साठ-सत्तरीची माणसं, आणि त्या धाग्याकडे असं बघत होते की जणू घरात बाळ जन्मलंय. मग एल्बियोने अंगणातून माते आणली, वाटी भरून वाल्देमारला दिली. वाल्देमारने ती शेवटपर्यंत ओढली, परत दिली, आणि आभार मानले नाहीत. एल्बियोने पुन्हा भरली.

नवीन तोमासा मोठी व्हायच्या आत बाटली संपली आणि निबियाचे दोन महिने जळत गेले, हे मी लपवणार नाही. पण डिसेंबरात नवं तेल आलं. जानेवारीत ती पुन्हा मशीनवर बसली. त्याच सुमारास माझं दार चेनपाशी पार फाटलं होतं. तिने ते उसवून काढलं आणि जागी जाड काळं कापड शिवलं. काढलेल्या दाराचं चंदेरी कापड तिने फेकलं नाही. गाणाऱ्या मंडळींच्या म्होरक्याच्या गळपट्टीला ते लावलं. फेब्रुवारीत ते रंगमंचावर गेलं, दिव्यांखाली झळकलं, त्याला टाळ्या पडल्या. मी जिथे कधी जाऊ शकलो नसतो तिथे माझी एक फांदी जाऊन आली. हे मला वाल्देमारने सांगितलं, माझ्या खांबाला हात टेकून, जणू मला कान आहेत.

मित्रांनो, माझी चेन सावकाश ओढा, माझ्यात डोकावताना कढत पाणी बाहेर ठेवा, हे तर मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्याजवळ जे अगदी एकुलतं एक आहे, ते कुलपात ठेवून निर्धास्त होऊ नका. ते धडधाकट आहे तोवर त्याची एक फांदी शेजाऱ्याला देऊन ठेवा. त्याने तिला आपलं नाव दिलं तरी देऊ दे.