माझ्या पोटातला लाल डाग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कढई आहे आणि मला स्वतःचीच भीती वाटते. विस्तवाची नाही. विस्तवावर तर माझा जन्म गेला. भीती वाटते ती माझ्या पोटात जे शिजतं आणि मग कुणाच्या तरी इवल्याशा तोंडात जातं, त्याची.

माल्टा बेटावर, व्हॅलेटा शहरातल्या एका तांबटाच्या दुकानात मी घडले. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं, दोन बाजूंना दोन कान लावले आणि आतून कल्हई केली. ती पांढरी, चांदीसारखी कल्हई म्हणजे माझं खरं अंगवस्त्र होतं. बाहेरून मी लाल, आतून पांढरी. तांबं आणि आंबट यांचं वैर आहे, म्हणून मधे कल्हई असते, हे मला त्या दुकानातच कळलं होतं.

तिथून मी झेब्बुज गावात आले, ग्रेत्सियाच्या लग्नात. तिच्या आईने मला शेल्यात गुंडाळून दिलं होतं. ग्रेत्सियाने मला कधी कुणाच्या हाती दिलं नाही. शेजारची कोन्चेत्ता उसनी मागायला आली की ती म्हणायची, "नवरा माग, देते. कढई नाही."

वर्षभर मी खुंटीवर असायचे. माझे दिवस यायचे ते राखेच्या बुधवारनंतर, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात. कपाळावर राखेचा टिळा लागला की लोणी, अंडी, मटण सगळं घरातून हद्दपार. पण उपास आहे म्हणून जीभ गप्प बसते होय? मग घरात बदाम कुटले जायचे, त्यात दालचिनी आणि संत्र्याची साल पडायची. त्याची क्वारेझिमाल नावाची लांबट बिस्किटं भाजून निघायची आणि गरम असतानाच त्यांच्यावर मध ओतला जायचा. माझी लोखंडी शेजारीण खारट मासळी घातलेली भजी तळायची आणि चुरचुर आवाज करत मिरवायची. मला तिचा हेवा वाटायचा नाही. कारण गुड फ्रायडेच्या वड्या माझ्या होत्या.

हर्रूबच्या वड्या. हर्रूब म्हणजे चिंचेसारखी लांब, काळपट शेंग, पण चवीला गोड. ती भाजायची, फोडायची, भिजवून उकळायची. गाळलेल्या रसात साखर, लवंगा आणि पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून लिंबू. घट्ट झाला की पाक संगमरवरी फरशीवर ओतायचा आणि वड्या पाडायच्या. गावात हर्रूब हे खोकल्याचं औषध आणि औषधाने उपास मोडत नाही. त्यामुळे गुड फ्रायडेच्या दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर सगळी पोरं ग्रेत्सियाभोवती गोळा व्हायची. "ग्रेत्सियाच्या वड्या!" असं लोक म्हणायचे. म्हणत ग्रेत्सियाच्या असले, तरी मी मनातल्या मनात फुलून जायचे.

मग कल्हईवाला सालवू ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटीत बसला आणि गेला. गावात दुसरा कल्हईवाला नव्हता. ग्रेत्सिया मात्र मला पूर्वीसारखीच वाळू आणि लिंबाने खसाखसा घासत राहिली. प्रेमानेच घासत होती ती. पण दर घासण्याला माझं अंगवस्त्र थोडं थोडं विरत गेलं. आणि एके वर्षी माझ्या पोटात, अगदी तळाशी, एक लाल डाग उघडा पडला.

ग्रेत्सियाला तो दिसला नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. दिसला तो तिच्या सुनेला, डोलोरला.

"मा, आतून लाल दिसतंय."

"तांबंच आहे ते. लाल दिसणार नाही तर काय निळं दिसेल?"

"तसं नाही, कल्हई गेलीय. व्हॅलेटाला कुणी करतं का ते विचारू या?"

"तू या घरात आलीस त्याच्या आधी मी आलेय, आणि माझ्याबरोबर ही कढई आलीय. तू तुझी पोरगी सांभाळ."

पोरगी खरंच सांभाळण्यासारखी होती. पावलिना, चार वर्षांची. तिला त्या हिवाळ्यात खोकला लागला होता तो काही केल्या जाईना. खोकून खोकून तिचे ओठ पांढरे पडायचे. डोलोर तिला छातीशी धरून घरभर फिरायची आणि स्वयंपाकघरात आली की माझ्याखालच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. तिच्या हृदयाचे ठोके मला भिंतीतून ऐकू यायचे.

तेव्हा सासू-सुनेने मिळून नवस केला. ईस्टरपर्यंत दोघींच्या जिभेला गोडाचा स्पर्श होणार नाही, औषध म्हणूनसुद्धा नाही. पोरीचा खोकला जाऊ दे.

मित्रांनो, माझ्या भीतीची सुरुवात इथून झाली. दर वर्षी ग्रेत्सिया पाक चाखून बघायची. या वर्षी कोणी चाखणार नव्हतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी ग्रेत्सियाने रस गाळून माझ्यात ओतला, त्यात लिंबू पिळलं, वर फडकं बांधलं. मग त्या रात्रीच्या रिवाजाप्रमाणे सगळं घर सात देवळांच्या दर्शनाला निघालं. दर वर्षी असाच रस माझ्यात मुरत असे, पण तेव्हा माझी कल्हई शाबूत होती. आता लिंबू थेट माझ्या उघड्या अंगाला भिडलं. मला ते चावताना कळत होतं. माझ्यातलं काहीतरी सुटून रसात उतरत होतं, हिरवं आणि कडू. मला ओरडावंसं वाटलं. पण कढईला तोंड असून वाचा नसते. आणि हर्रूबचा रस इतका काळा, की त्यात किती हिरवं बुडालं ते देवालाच दिसावं!

सकाळी ग्रेत्सियाने तोच रस आटवला. पाक फरशीवर पसरला, सुरीने वड्या पाडल्या. तळाशी उरलेला पातळ पाक तिने पावलिनासाठी ठेवला.

"मिरवणुकीच्या आधी दे तिला दोन चमचे," ती म्हणाली. "माझा वेन्झू मूर्तीला खांदा देतोय. बापाला बघायला पोरगी खोकत उभी राहायला नको."

डोलोरने पावलिनाला मांडीवर घेतलं. चमचा माझ्यात बुडाला. तो वर जाताना मी बघत होते. पोरीने तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लासारखं. मला वाटलं, आत्ता माझ्या तळाला भोक पडावं, मी चुलीत कोसळावं, काहीही व्हावं.

आणि डोलोरने, मित्रांनो, कोणतीही आई करते तेच केलं. गरम तर नाही ना, म्हणून चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावला.

तिचा हात थांबला. तिने ओठ चाटले. मग पुन्हा चाटले.

"डोलोर!" ग्रेत्सियाला दिसत नव्हतं तरी कळलं. "जीभ लावलीस?"

"मा, थांबा."

"आज? गुड फ्रायडेला? पोरीच्या नवसात? अगं, दोन दिवस राहिले होते गं!"

"मा, दाराची किल्ली चोखल्यासारखं लागतंय. कडू. जीभ आखडतेय माझी."

"तुझी जीभच वाकडी. आण इकडे, मी देते."

"नाही देणार."

इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण सुनेने सासूला 'नाही' म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. पावलिना दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "नन्ना, मला गोड," असं आजीला म्हणता म्हणता तिला खोकल्याची उबळ आली. डोलोरने चमचा मुठीत घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत राहिली. नवस मोडल्याची भीती, सासूची भीती, आणि आपण चुकत असलो तर पोरीचं औषध हिरावून घेतल्याची भीती. पण चमचा तिने सोडला नाही.

ग्रेत्सिया माझ्याजवळ आली. तिने माझ्यात हात घातला आणि दोन बोटं तळावरून फिरवली, हळूहळू, आंधळं माणूस चेहऱ्यावरून हात फिरवतं तशी. जिथे कल्हई संपत होती तिथली कड तिच्या बोटांना लागली. तो डाग आता पसरून पार वरपर्यंत गेला होता. तिची बोटं तिथेच थांबली.

मग तिने बोट तोंडात घातलं.

ती मोरीकडे वळून थुंकली. मग म्हणाली, "थुंक. चूळ भर आधी."

"मा, नवस..."

"गेला नवस. पोरगी आहे ना समोर?" तिचा आवाज फाटला. "मी माझ्या हाताने दिलं असतं गं. आणि पायऱ्यांवरच्या सगळ्या पोरांनाही दिलं असतं."

त्या दोघींनी वड्या फरशीवरून खरवडल्या, परसात खड्डा खणून पुरल्या, वर दगड ठेवला. कोंबडी उकरायला आली तर डोलोर तिच्यामागे चप्पल घेऊन धावली. तेवढ्यात कोन्चेत्ता दारात.

"ग्रेत्सिया, पोरं पायऱ्यांवर बसलीत. वड्या कुठायत?"

"जळल्या."

"तुझ्या हातून? जळल्या?"

"डोळे गेले, आता हातही गेले. जा, सांग गावाला."

कोन्चेत्ता गेल्यावर डोलोर हळूच म्हणाली, "मा, खोटं बोललात. तेही आज."

"नवस मोडलाच आहे. पाद्र्यापुढे एका कबुलीत दोन्ही उरकेन," ग्रेत्सिया म्हणाली आणि रडता रडता हसली. पावलिनाला त्यांनी कोमट पाण्यात मध दिला. हातात तीळ लावलेलं, कड्यासारखं गोल पावाचं बिस्किट दिलं, ते ती चघळत बसली. खोकला लगेच गेला नाही. उन्हाळा लागल्यावर गेला.

मला त्या दिवशी खुंटीवर टांगलं ते कायमचं. मला कोणी रागावलं नाही. पण ग्रेत्सिया माझ्याखालून जाताना कधी कधी थांबायची, आणि मला तिचं ते थांबणं सहन व्हायचं नाही. ती गेली. घर विकलं गेलं. मी माळ्यावर, मग जुन्या वस्तूंच्या दुकानात धूळ खात पडले.

गेल्या आठवड्यात एका तरुण बाईने मला विकत घेतलं. तिच्या कडेवर बाळ आहे. तिने मला बाहेरून लिंबू-मिठाने घासलं, मी नव्यासारखी झळाळले. "किती सुंदर आहे ना!" असं ती नवऱ्याला म्हणाली. किती वर्षांनी माझं कौतुक झालं! पण मला ते नकोसं झालं. कारण आज ओट्यावर एका भांड्यात हर्रूब भिजत पडलंय, शेजारी दोन लिंबं आहेत, आणि तिने अजून माझ्या आत पाहिलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्या झळाळीवर जाऊ नका. तिच्या पोटात डोकावून बघा. कल्हई गेली असेल तर करून आणा. कल्हईवाला नाही मिळाला तर तिला भिंतीवर टांगा, तिच्यात तुळस लावा, आम्हाला वाईट वाटत नाही. आणि लहान मुलाला चमचा देण्याआधी एक थेंब आपल्या जिभेवर घ्या. त्याने कोणताही देव रागावत नाही.

बाई, बाळाला खाली ठेव. मला उजेडात धर. आत बघ.

आत न बघताच तिने शेगडी पेटवायला काडी ओढली आहे.