चिलर नेऊ नका

कुरकुंभच्या त्या कारखान्यावर दिवाळखोरीची केस उभी राहिली, तेव्हा दोनशेपैकी अकराच माणसं कामावर उरली. त्यातली एक ज्ञानेश्वरी, कवठे येमाईची, शिफ्टची केमिस्ट. तिला काम एकच होतं, मागच्या टाकीवर नजर ठेवायची. टाकीतलं रसायन थंड असलं की गरीब गाय. वीस अंशांच्या वर गेलं की आपलं आपणच तापत सुटायचं, मग ते कुणाच्या बापाला आवरलं नसतं. ती टाकी थंड ठेवणारा चिलर भाड्याचा होता, शिरूरच्या सम्राटचा.

भाडं थकल्यावर सम्राटनं तो परत मागितला होता. मागच्याच आठवड्यात मुंबईच्या न्यायाधिकरणानं त्याचा अर्ज फेटाळला. केस चालू आहे तोवर कारखान्याच्या ताब्यातली वस्तू खुद्द मालकालाही उचलता येणार नाही, असा निकाल.

सोमवारी सकाळी अकराला सम्राट क्रेन घेऊनच आला. मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. त्याच्या माणसांनी वॉचमनला बाजूला सारलं, चिलर बंद केला आणि नट ढिले करायला घेतले.

ज्ञानेश्वरी धावत आली. "सम्राटदादा, निकाल लागलाय. हात लावू नका."

"निकाल तुमच्या बाजूनं. माझ्या घरात काय शिजवायचं, त्याचा निकाल कोण देणार, ताई?"

टाकीच्या पॅनलवर बारा अंश. तिनं न्यायाधिकरणानं नेमलेल्या अधिकाऱ्यांना फोन लावला. "पोलिसांना कळवतो, त्याला थांबवून ठेवा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दौंडहून पोलीस यायला अर्धा तास तरी लागणार होता. भिंतीपलीकडं शेवंतीच्या रानात बाया खुरपत होत्या.

चौदा.

"पोरी," म्हातारे ऑपरेटर सावळाराममामा हळूच म्हणाले, "गेटबाहेर चल. हितं थांबून काय उपेग?"

तिचे पाय वळलेही होते. दोन पावलं ती गेली. मग काय झालं कुणास ठाऊक, मागं फिरून तिनं सम्राटचं मनगट धरलं आणि त्याला ओढत पॅनलसमोर नेलं.

"बघा. विसाच्या पुढं गेलं तर तुमचा चिलर न्हाई, क्रेन न्हाई, त्या बाया न्हाईत. मला तुमच्याशी भांडायचं न्हाई, दादा. मला लई भ्या वाटतंय."

त्याच्या डोळ्यांदेखत पंधराचे सोळा झाले. त्याचा चेहरा उतरला.

"आत असलं काय हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई!"

तो धावला. स्वतःच्या हातानं त्यानं नट आवळले, बटण दाबलं. चिलर ढिम्म. बंद केलेलं मशीन पाच मिनिटं झाल्याशिवाय परत सुरूच होत नव्हतं. सतरा. अठरा. मामा तोंडातल्या तोंडात येमाईचं नाव घेत होते. मग कॉम्प्रेसर कण्हल्यासारखा घरघरला. आकडा एकोणिसावर चढला आणि तिथंच अडून बसला. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. मग अठरा.

पोलीस आले तेव्हा सम्राट जमिनीवर बसला होता. तिनं जबाबात सगळं लिहिलं, चिलर बंद त्यानं केला हे आणि चालूही त्यानंच केला हे. न्यायाधिकरणानं त्याला सक्त ताकीद दिली. पण केस दाखल करून घेतल्यापासूनचं भाडं केसचा खर्च म्हणून त्याला आधी द्यावं, जुन्या थकबाकीसाठी त्यानं इतरांसारखं रांगेत थांबावं, असंही बजावलं. ज्ञानेश्वरीच्या अर्जावरून महिन्याभरात टाकी रिकामी झाली.

त्या सोमवारी संध्याकाळी मात्र ती दौंडहून शिरूरच्या एसटीत बसली, कंडक्टरनं तिकीट पुढं केलं आणि तिला ते धरताच येईना. शेवटी कंडक्टरनंच ते तिच्या पिशवीत सरकवलं.