राहिलेला खांदा

धर्मसिंगला तांड्यावर परतून महिना झाला, पण कुरुंद्याच्या शकुबाईच्या दारात जायला त्याचे पाय धजेनात. माणूस साडेतीन वर्षं जपान्याची कैद काढून आलेला, अन् एका म्हातारीला भिऊन वाट वाकडी करायचा. तिचा देवला त्याच्याबरोबरच फौजेत गेला होता. तो मेल्याचा कागद तिला मिळाला. कसा मेला ते एकट्या धर्मसिंगला ठाऊक. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो गेलाच.

म्हातारी बैलांची खांदेमळणी करत होती. हळद-तूप चोळता चोळताच म्हणाली, "लई दिस लावलेस बाबा. उपाशी मेला का त्यो?"

"न्हाई मावशे." उपाशी तर सगळेच होते, तेवढं त्यानं गिळलं. पुढचं मात्र खरं सांगितलं.

मलायाच्या रानात त्यांना ओंडके ओढायला जुंपलं होतं. खांद्यांची सालटी निघालेली. देवलानं चंद्रावरून पोळ्याचा दिवस काढला, आदल्या रात्री कुठून तरी वाटीभर खोबरेल पैदा केलं अन् एकेकाचा खांदा चोळत, बैलांना म्हणतात तसं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." जेवायला काय, डोंबल! पण सगळे हसले. पहाऱ्यावरचा जपानी म्हातारा शेतकरीच होता. हे काय चाललंय, त्यानं खुणेनं विचारलं. देवलानं दोन बोटांची शिंगं करून दाखवली. तसा म्हातारा म्हणाला, "मात्सुरी," अन् त्यांच्या गावी सणाला देवाची पालखी खांद्यावर कशी नाचवतात ते नाचून दाखवलं. अख्ख्या गावाच्या सणाला त्यांच्यात तो शब्द. देवला डोळा लागेतो घोकत होता.

"अन् मला म्हनला, धर्म्या, माझाच खांदा राह्यला की. म्या म्हनलं, उद्या चोळतो. कटाळा केला मावशे. सकाळी उठवाया गेलो तं गार."

धर्मसिंग मान घालून बसला. आता ही शिव्या देईल, देऊ दे, असंच त्याला वाटत होतं. शकुबाई बैल सोडून त्याच्यापाशी आली.

"काय म्हनलास त्यो शब्द?"

"मात्सुरी."

तिनं दोनदा म्हणून बघितला. मग विचारलं, "ओंडके कोन्त्या खांद्यानं वढत व्हता तुमी?"

"उजव्या."

तिनं त्याचा सदरा बाजूला सारला. खांद्याला बैलासारखा घट्टा पडला होता. त्यावर ती उरलेलं हळद-तूप चोळत राहिली, हात दुखेपर्यंत.

"आज आवतण घे देवला," ती म्हणाली, "उद्या जेवायला ये."

"व्हय माय," धर्मसिंग म्हणाला.